सीओटू मशीनची तार थबकते, टिपला चिकटते : दुकानात नेण्याआधी घरी काय तपासावं

वेल्डिंगच्या सीओटू मशीनच्या बंदुकीचं, म्हणजे हातात धरायच्या भागाचं, बटण दाबलं की तार दोन सेकंद नीट येते, मग थबकते, मग धक्क्यानं एकदम बाहेर पडते. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज यायला हवा, त्याऐवजी फट्-फट् असा तुटक आवाज येतो. टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, एका जागी फुगलेला, पुढं बारीक, मध्येच तुटलेला. मग तार वितळून, ती जिच्यातून बाहेर येते त्या तांब्याच्या टिपच्या तोंडाशी गोळा होऊन बसते. मशीनच्या बाजूचं झाकण उघडावं तर तार पुढं ढकलणाऱ्या रोलरपाशी तारेचा सुतळीसारखा गुंता झालेला असतो. टिप बदलली की तासभर, कधी दिवसभर काम चालतं. मग परत तेच.

शेवटचं वाक्य ज्यांना लागू पडतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकदाच झालं आणि गेलं, तर फार विचार करू नका. पण आठवड्यात चार-पाच टिपा जात असतील तर कारण दुसरीकडं आहे.

कोकणात घरामागच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन, ०.८ मिलिमीटरची तार, तारेचा ५ किलोचा स्पूल (रीळ) आणि सीओटूचा सिलिंडर. कॅटलॉगमध्ये याला मिग म्हणतात, आपल्याकडं बहुतेक जण सीओटू मशीनच म्हणतात. माझ्या मशीनवर आणि ओळखीच्या लोकांनी आणलेल्या मशीनवर हा एकच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता तपासायचा क्रम हाताला बसलाय. त्यातल्या बहुतेक वेळी मशीनची पेटी उघडावीसुद्धा लागली नाही.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी ते कळेल. रॉडच्या मशीनमध्ये रॉड हातानं पुढं सरकवायचा असतो. सीओटूमध्ये ते काम मोटर करते. मशीन व्होल्टेज धरून ठेवतं आणि तार ज्या वेगानं येईल त्या वेगानं ती जळते. ०.८ च्या तारेला १०० अँपिअरच्या आसपास मिनिटाला साधारण ५ मीटर तार लागते, म्हणजे सेकंदाला ८ सेंटीमीटरच्या वर. टिपच्या बाहेर तार असते जेमतेम १० मिलिमीटर. हिशेब करा : सेकंदाच्या आठव्या हिश्शाएवढा वेळ तार अडली, तरी बाहेरची तार संपते आणि आर्क, म्हणजे तार वितळवणारी विजेची ज्योत, थेट टिपवर चढतो. म्हणून टिप जळालेली दिसते. अडथळा मात्र स्पूलपासून टिपपर्यंतच्या तीन-साडेतीन मीटरच्या वाटेत कुठंतरी असतो. टिप बदलून बदलून तो सापडत नाही.

तार नेमकी कधी चिकटते?

पाना हातात घ्यायच्या आधी हे बघा. यातच अर्धं उत्तर मिळतं, आणि हा प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं.

टाका संपवून बटण सोडताना चिकटत असेल तर फीडिंग, म्हणजे तार पुढं सरकणं, बहुधा ठीक आहे. बटण सोडल्यावर मोटर थांबते, त्यानंतर क्षणभर करंट चालू राहतो, म्हणजे तार जॉबमध्ये (ज्याला टाका मारतोय त्या लोखंडात) रुतून बसत नाही. हा क्षण जास्त लांबला की तार मागं टिपपर्यंत जळते. बऱ्याच मशीनवर यासाठी ‘बर्न बॅक’ नावाचं बटण किंवा मेन्यूत सेटिंग असतं. ते कमी करा, दोन टाके मारून बघा. काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

टाका सुरू करतानाच चिकटत असेल तर बंदूक जॉबच्या फार जवळ धरताय, किंवा अर्थ (जॉबला चिमट्यानं जोडायची मशीनची दुसरी केबल) नीट बसलेला नाही, किंवा व्होल्टेजच्या मानानं तारेचा वेग कमी आहे.

टाका चालू असताना मध्येच चिकटत असेल, आवाज तुटक येत असेल, तर तारेच्या वाटेत अडथळा आहे. नेहमी परत परत येणारा बिघाड हाच.

सुरुवात करण्याआधी

बटण दाबलेलं असताना फक्त तारेचं टोक नाही, तर रोलर आणि अख्खा स्पूल वेल्डिंगच्या व्होल्टेजवर असतो. रोलरला, टिपला किंवा लायनरला (बंदुकीच्या केबलमधली, तार जाते ती नळी) हात लावायचा तर प्लग काढून. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून हे काम करू नका. पायात कोरडे बूट आणि खाली लाकडी फळी असू द्या. तार नुसती पुढं सरकवून बघताना बंदूक स्वतःच्या किंवा कुणाच्या तोंडाकडं धरू नका आणि तोंड टिपसमोर नेऊन आत डोकावू नका. ०.८ ची तार सुईसारखी घुसते.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली, बंदुकीची केबल. ती भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून टांगलेली आणि टोकाचे दोन हात मोकळे सोडून काम चाललेलं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. आतली तार त्या प्रत्येक वेटोळ्यात लायनरला घासते. केबल जमिनीवर शक्य तितकी सरळ पसरा आणि टाका मारा. एवढ्यानं फरक पडला तर लायनर खराब व्हायला लागलाय हे लक्षात ठेवा, कारण चांगला लायनर एखादा मोठा बाक सहज सोसतो.

दुसरी, अर्थचा क्लॅम्प. अर्थ सैल असला तर आर्क तुटत राहतो आणि लक्षण अगदी तार थबकल्यासारखंच दिसतं. मीसुद्धा एकदा पूर्ण लायनर काढून साफ केला आणि शेवटी क्लॅम्पखाली रेड ऑक्साइड रंगाचा थर सापडला. तेव्हापासून मी अर्थ आधी बघतो. क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडरनं चकचकीत करा. टेबलाला नको, शक्यतो जॉबलाच लावा. चार-पाच टाके मारून मशीन बंद करा आणि क्लॅम्पजवळ हाताची मागची बाजू न्या. जॉब गार आणि क्लॅम्प गरम, असं असेल तर तिथला जोड खराब आहे. मशीनबरोबर येणाऱ्या पातळ पत्र्याच्या क्लॅम्पमध्ये बऱ्याचदा एकाच जबड्याला केबल जोडलेली असते, दुसरा जबडा नुसता दाबायला. शिवाय स्प्रिंग तापून मऊ पडते. जड पितळी क्लॅम्प आणून लावा. या मशीनवर केलेल्या खर्चात मला सगळ्यात जास्त समाधान त्यानं दिलंय.

मल्टिमीटर असेल तर आणखी खात्री करता येते. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक क्लॅम्पच्या केबलच्या लगला (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीला), दुसरं जॉबच्या स्वच्छ जागेवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी टाका मारायला सांगा. मीटर बघणाऱ्याच्या डोळ्यांवरही वेल्डिंगची काच हवी. टाका चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर तो जोड दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरी, पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी. हल्ली अनेक जण गॅस संपला की गॅसशिवाय चालणारी, आत पावडर भरलेली फ्लक्स कोअर तार लावतात आणि नंतर परत साधी तार घालतात. साध्या भरीव तारेला गॅसबरोबर बंदूक प्लसला आणि अर्थ मायनसला लागतो. गॅसशिवायच्या फ्लक्स कोअर तारेला बहुतेक वेळा उलटं. ते परत फिरवायचं राहून गेलं की आर्क फडफडतो, वितळलेल्या धातूचे छर्रे उडतात, टाका वर बसून राहतो आणि माणूस तारेला दोष देत बसतो. झाकणाच्या आत किंवा समोर टर्मिनलवर चिन्हं असतात, एकदा बघून घ्या.

दोन बोटांची परीक्षा

या लिखाणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य.

प्लग काढा. बंदुकीची केबल सरळ पसरा. नोझल (टिपभोवतीची, गॅस सोडणारी नळी) काढा, टिप काढा. टिप तारेला चिकटली असेल तर तार कटरनं कापून टाका. फीडरवरचा (मोटर आणि रोलर असलेल्या भागावरचा) दाब देणारा दांडा वर उचलून रोलर मोकळे करा. आता बंदुकीच्या तोंडातून आलेली तार पकडीनं थोडी बाहेर घ्या, मग दोन बोटांनी ओढून बघा. हातमोजा घालून.

तार हलक्या, एकसारख्या ओढीनं यायला हवी. खरखर लागता कामा नये, मध्येच अडून सुटता कामा नये.

सहज आली? मग टिप परत बसवा आणि पुन्हा ओढा. आता जड लागली तर दोष टिपचा. टिपशिवायसुद्धा जड लागली तर फीडरपाशी, लायनर सुरू होतो त्याच्या आधी, तार कापा. स्पूलकडचं टोक बोटांत घट्ट धरून ठेवा, नाहीतर सगळा स्पूल सुटतो. आता बंदुकीत राहिलेला तुकडा ओढा. तरीही जड असेल तर लायनर. तो तुकडा सहज आला तर दोष स्पूलचा किंवा त्याच्या ब्रेकचा. आणि टिपसकट सगळं मुळातच सहज येत होतं, तर उरले रोलर.

एवढं केलं की अंदाजानं सुटे भाग आणावे लागत नाहीत. ज्या भागाकडं बोट जाईल तेवढाच पुढं बघायचा.

टिप

टिपवर तारेचा आकडा कोरलेला असतो. ०.८ ला ०.८ चीच टिप. बारीक टिप बसवली की थंड असताना तार जाते, पण तापल्यावर अडते. मोठी बसवली की तारेला वीज कधी मिळते, कधी नाही, आणि आर्क आतच उडून टिप जळते. वापरलेल्या टिपचं तोंड उजेडात धरून बघा : भोक गोल आहे की एका बाजूला झिजून लांबट झालंय? लांबट असेल तर फेकून द्या. पिनेनं किंवा ड्रिलनं साफ करून परत लावण्यात अर्थ नाही, कारण झिजलेलं तांबं परत येत नाही. टिप या मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, दहाचं पाकीट घरात असू द्या.

आणखी एक : टिप हातानंच घट्ट करून सोडू नका, पान्यानं हलकी आवळा. सैल टिप तापते, आणि तिच्याबरोबर मागचा पितळी होल्डरही जळतो.

स्पूल, आणि आमच्याकडचा पाऊस

स्पूलच्या दांड्यावर एक नट असतो, तो म्हणजे ब्रेक. फार आवळला तर मोटरला स्पूल ओढत न्यावा लागतो. फार सैल असला तर बटण सोडल्यावरही स्पूल फिरत राहतो, तारेचे वेढे सुटून एकमेकांखाली जातात आणि पुढच्या वेळी तिथंच गाठ बसते. बटण सोडताच स्पूल थांबला पाहिजे, पण हातानं फिरवला तर सहज फिरला पाहिजे. एवढाच आवळा.

गंजाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडं येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हाच दोष निघतो. तारेवरचा तांब्याचा मुलामा अगदी पातळ असतो. स्पूल मशीनमध्ये महिनाभर राहिला, दमट हवा लागली, की वरच्या थराची चमक जाते आणि बोट फिरवलं तर तपकिरी डाग उठतो. ती तार लायनरमधून जाताना गंजाची भुकटी आतच झाडते. म्हणून गंजकी तार काढून नवी घातली तरी बिघाड राहतो : तार नवी, पण लायनरमध्ये जुना गंज. गेल्या पावसाळ्यात एका शेजाऱ्यांनी गेटचं काम करताना आठवड्यात दहा टिपा जाळल्या. मी लायनर काढून पांढऱ्या कागदावर आपटला तर चमचाभर लाल भुकटी पडली.

वरचे दोन-तीन थर सोडवून टाकून खाली चकाकणारी तार लागत असेल तर स्पूल वापरा. खालीही डाग असतील तर तो स्पूल सोडून द्या, त्याच्यावर वाचवलेले पैसे टिपा आणि लायनर खातात. काम नसताना स्पूल काढून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवा. घरातल्या कोरड्या कपाटात ठेवलात तर उत्तम.

रोलर आणि दाब

तार घसरते असं दिसलं की प्रत्येकाचा हात पहिल्यांदा दाबाच्या नटाकडं जातो. तो आवळला की थोडा वेळ बरं वाटतं, आणि इथूनच खरं नुकसान सुरू होतं. जास्त दाबानं तार चपटी होते, तिच्यावर दात उमटतात. मुलामा खरवडून त्याची भुकटी लायनरमध्ये जाते, चपटी तार टिपमध्ये अडते. पुढं अडली तरी रोलर सोडत नाहीत, ढकलतच राहतात, म्हणून तार रोलर आणि लायनरच्या मधल्या फटीत वाकून गुंता होतो. दाब बरोबर असेल तर पुढं अडथळा आल्यावर रोलर घसरतात आणि गुंता होत नाही.

आधी खाच बघा. रोलरला सहसा दोन खाचा असतात, ०.८ आणि १.० च्या. बाजूला कोरलेला आकडा कोणत्या खाचेचा यात मशीनप्रमाणे गोंधळ होतो, म्हणून तार प्रत्यक्ष कोणत्या खाचेत बसलीय आणि ती खाच किती रुंद आहे ते डोळ्यानं बघा. भरीव लोखंडी तारेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी गुळगुळीत खाच लागते. दातेरी खाच फ्लक्स कोअरसाठी असते. तिच्यात साधी तार घातली तर रोलर तिची कानस करून टाकतो. खाचेत काळा थर साचला असेल तर जुन्या टूथब्रशनं साफ करा.

मग दाब लावा. नट पूर्ण सैल करा. अर्थचा क्लॅम्प जॉबपासून लांब ठेवा, बंदूक सरळ धरा आणि कोरड्या लाकडी फळीपासून दोन-तीन इंचांवर तिरपी रोखून तार सोडा. मशीनला नुसती तार सरकवायचं बटण असेल तर तेच वापरा. तार फळीवर आपटून थांबते, रोलर घसरतात. नट पाव-पाव फेरी आवळत जा. तार फळीला लागून वळायला लागली आणि तरी सरकत राहिली, की थांबा. आता बंदूक अगदी फळीला टेकवून बघा, रोलर घसरले पाहिजेत. घसरत नसतील तर थोडं सैल करा. जिथं बसेल तिथं नटावर मार्करनं खूण करून ठेवा.

बाहेर आलेली तार नखानं चाचपा. दात लागत असतील तर अजून सैल हवं.

लायनर

लायनर म्हणजे केबलच्या आतली बारीक स्प्रिंगची नळी. हे काम अवघड नाही, पण घाईत बिघडतं, म्हणून पहिल्यांदा करताना सुटीच्या दिवशी करा.

तार मागं गुंडाळून घ्या, टिप आणि नोझल काढा, बंदुकीचा जोड मशीनपासून सोडवा. त्या जोडाच्या तोंडाशी नट असतो, तो काढला की लायनर बाहेर ओढता येतो. कॉम्प्रेसर असेल तर कोरड्या हवेनं दोन्ही बाजूंनी फुंकून घ्या, चष्मा घालून. नुसती भुकटी असेल तर एवढ्यानं भागतं. कुठं मुडपलेला, दबलेला किंवा स्प्रिंग उघडी पडलेली असेल तर तो नवाच घाला.

पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुवायची सवय अनेकांना आहे. करू नका. स्प्रिंगच्या वेढ्यांत ते उरतं, तारेबरोबर आर्कमध्ये जातं, टाक्यात भोकं पडतात आणि ठिणगीशेजारी पेट्रोल ठेवल्यासारखंच होतं. तेल किंवा ग्रीस तर मुळीच नको, त्याला धूळ चिकटून आठ दिवसांत आधीपेक्षा वाईट अवस्था होते. त्यापेक्षा रोलरच्या आधी तारेवर कोरड्या फेल्टचा किंवा सुती कापडाचा तुकडा कपड्याच्या चिमट्यानं हलका पकडून ठेवा, धूळ तिथंच पुसली जाते.

नवा लायनर तारेच्या मापाचा हवा. सहसा ०.८ साठी निळा आणि १.० ते १.२ साठी लाल येतो. तो लांब मिळतो आणि कापावा लागतो, आणि चूक इथंच होते. केबल पूर्ण सरळ पसरूनच माप घ्यायचं. वाकलेल्या केबलमध्ये माप घेतलं तर लायनर आखूड पडतो, टिप-होल्डर आणि लायनरमध्ये फट राहते, आणि तार बरोबर त्या फटीत अडते. नवा लायनर घालूनही तार थबकतेच अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. कापलेल्या टोकाला आत वळलेली टोचणी राहू देऊ नका, कानशीनं गुळगुळीत करा. जुना लायनर फेकण्याआधी त्याच्याशेजारी ठेवून लांबी ताडून बघा.

वीज

वरचं सगळं ठीक, आणि बिघाड संध्याकाळीच होतो, किंवा गल्लीत पंप सुरू झाला की होतो? मग व्होल्टेज बघा. टाका चालू असताना बघा, मशीन रिकामं असताना नाही. बऱ्याच मशीनच्या पाटीवर २३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे खालची मर्यादा साधारण १९५.

घरच्या वर्कशॉपमध्ये यात सगळ्यात मोठा वाटा एक्स्टेन्शनचा असतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचं ३० मीटरचं एक्स्टेन्शन घेतलं तर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते. २० अँपिअर ओढले की तिच्यातच १४ व्होल्टच्या वर पडतात, आणि केबल तापते ती वेगळी. तेवढीच लांबी ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेपाच व्होल्ट. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वेल्डिंग करू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर आतले वेढे तापून इन्शुलेशन वितळतं.

मल्टिमीटरनं सॉकेटमधलं व्होल्टेज बघायची सवय नसेल तर हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

टाक्यात भोकं पडत असतील

हा वेगळा बिघाड आहे, पण लोक एकत्र सांगतात म्हणून थोडक्यात. तार नीट येते आणि टाका स्पंजसारखा होतो, म्हणजे गॅस पोचत नाही. पंखा बंद करा, पडवीतला वारा पत्रा लावून अडवा, नोझलमधले छर्रे काढा, गॅस मिनिटाला १० लिटरच्या आसपास ठेवा. सीओटू सिलिंडरचा गेज बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही. आत द्रव असतो आणि तो आहे तोपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, २० अंशाला साधारण ५७ बार. गेज खाली यायला लागला म्हणजे द्रव संपलाय. वजन करणं हाच खरा उपाय. सलग कामात रेग्युलेटरवर बर्फ धरत असेल तर हीटर बंद पडलाय किंवा जोडलेलाच नाही.

जीआय पाइपवर टाके मारताना जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याच्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि दूध पिऊन किंवा गूळ खाऊन तो धूर छातीतून निघत नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या लोखंडावर तर वेल्डिंग कधीच करू नका, आर्कच्या उष्णतेनं आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

इथं थांबा

अर्थ, टिप, स्पूल, रोलर, लायनर, व्होल्टेज सगळं तपासलं, दोन बोटांची परीक्षा स्वच्छ निघाली, तरी मोटर एका वेगानं फिरत नाही. तार न घालता मोटर फिरवून बघा. तरीही ती थबकत असेल तर मोटरचे ब्रश, बटणाची वायर किंवा आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड यापैकी काहीतरी आहे. बटण दाबून धरलेलं असताना बंदुकीची मूठ आणि केबल हलवून बघा. हलवल्यावर मोटर बंद-चालू होत असेल तर बटणाचा स्विच किंवा त्याच्या बारीक वायरा गेल्यात. डागकामाची सवय असेल तर प्लग काढून तेवढं घरी करता येतं. त्यापुढचं मी स्वतः करत नाही.

पेटीचा मुख्य भाग उघडू नका. इन्व्हर्टर मशीनमध्ये २३० व्होल्टचा डीसी होऊन आत साधारण ३२५ व्होल्ट होतात, आणि प्लग काढल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये साठून राहतात. किती वेळ, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. तो झटका जीव घेऊ शकतो.

पुढच्यापैकी काहीही झालं तर मशीन बंद करून प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा : पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, चालू करताच एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडणं, जळका वास, आतला पंखा बंद असणं, बटण न दाबता तार जॉबला लागून ठिणगी पडणं, मशीन थंड झाल्यावरही एरर न जाणं, बंदूक जोडायची जागा काळी पडलेली दिसणं. आरसीसीबी पडते म्हणून ती वगळून मशीन चालवू नका. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधून गळती असेल तर तो मोकळ्या हवेत ठेवून पुरवठादाराला परत करा, पान्यानं आवळत बसू नका.

दुकानात नेताना एक करा. माझं मशीन एका दुकानातून दोनदा ‘काही दोष नाही’ म्हणून परत आलं, जाण्यायेण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्यांदा मी तिथंच थांबलो तेव्हा कळलं की ते स्वतःची बंदूक आणि स्वतःची अर्थ केबल लावून तपासत होते, आणि दोष माझ्या बंदुकीच्या बटणात होता. तेव्हा नुसती पेटी नेऊ नका. बंदूक, अर्थ केबल, चालू स्पूल आणि जळालेल्या दोन-तीन टिपा सोबत न्या, आणि तार सुरुवातीला, मध्ये की शेवटी चिकटते ते कागदावर लिहून मशीनला चिकटवा.